संग्रहालयाच्या प्रतिमांनी डिस्क पुन्हा पुन्हा भरते तेव्हा

डिस्क भरली म्हणून नवी घेतली, वर्ष सरायच्या आत तीही भरली. आता पुढची घ्यायला पैसे नाहीत आणि काय काढून टाकायचं ते कळत नाही. वस्तूंचं छायाचित्रण चालू असलेल्या लहान संग्रहालयांतून आणि संस्थांच्या दप्तरखान्यांतून ही तक्रार सतत ऐकू येते. तिच्यावर उपाय आहे, आणि बहुतेक वेळा तो नवी डिस्क हा नसतो. पण आधी एक विनंती: मोजल्याशिवाय एकही फाइल काढून टाकू नका. घाईत माणूस फाइली आकारानुसार लावतो, सगळ्यात वर दिसणाऱ्या अडीचशे-तीनशे एमबीच्या टिफ उडवतो आणि म्हणतो, "जेपेग आहेच ना." त्या टिफ म्हणजे मास्टर, बाकी सगळ्या प्रती जिच्यावरून निघतात ती पूर्ण दर्जाची प्रत. जेपेगवरून मास्टर परत मिळत नाही. मग वस्तू पुन्हा कपाटातून काढायची, पुन्हा दिव्यांखाली ठेवायची. कडा झिजलेल्या, रंगाचे पोपडे सुटलेल्या वस्तूला ती हाताळणी दुसऱ्यांदा सोसवेलच असं नाही.

जागा नेमकी कुठे जाते

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचा, एक संच घेऊ. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, म्हणजे १२० गोल पानं. पाठी सगळ्या सारख्याच रंगवलेल्या असतात, पण झीज आणि तडे नोंदवायचे तर पाठीचाही फोटो लागतो. झाले २४० फोटो.

कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा, चौकट ८२५६ बाय ५५०४ पिक्सेलची. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली प्रक्रिया न केलेली फाइल, साधारण ५० एमबीची. तिची १६ बिटची, दाबून लहान न केलेली टिफ काढली की प्रत्येक पिक्सेलला ६ बाइट लागतात आणि फाइल २७३ एमबीची होते. त्यातून ८ बिटची टिफ काढली की आणखी १३६ एमबी. मधल्या टप्प्यावर फोटोशॉपमध्ये डाग काढण्यासाठी लेयरची नक्कल केली आणि लेयरसकट टिफ जतन केली, तर आकार निदान दुप्पट धरा. मग छपाईसाठी पूर्ण आकाराची जेपेग, संकेतस्थळासाठी मध्यम, यादीसाठी लहान थंबनेल. मास्टरवरून काढलेल्या या सगळ्या उपप्रती.

आता बेरीज करा. २४० फोटोंच्या रॉ १२ जीबी. १६ बिटच्या टिफ ६५ जीबी. लेयरवाल्या १३० जीबी. ८ बिटच्या ३३ जीबी. मोठ्या जेपेग ४ जीबी, बाकी सगळ्या लहान प्रती मिळून जेमतेम १ जीबी. म्हणजे १२ जीबीच्या कामातून २४५ जीबींचा पसारा उभा राहिला. तो जसाच्या तसा दोन ठिकाणी बॅकअपला गेला की ७३५ जीबी, आणि हा फक्त एका संचाचा हिशेब.

यात सगळ्यात कमी जागा थंबनेल खातात. तरीही सफाई करायची म्हटलं की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते, कारण त्या काढायला भीती वाटत नाही. हाती काही लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी यादीत चित्रांच्या जागी रिकामे चौकोन दिसू लागतात.

म्हणून आधी मोजणी. विंडोजवर ट्रीसाइझ किंवा विनडिरस्टॅट, लिनक्सवर एनसीडीयू. कोणत्या फोल्डरमध्ये किती जागा गेली, कोणत्या प्रकारच्या फाइलींनी किती खाल्ली, हे कागदावर लिहून काढा. तो कागद समोर असला की पुढच्यापैकी कोणतं कारण तुमच्याकडे लागू आहे ते बहुतेक वेळा लगेच दिसतं.

मास्टरच्या शेजारी बसलेल्या जुळ्या फाइली

फाइलीत शीर्षक, नोंद क्रमांक, हक्कांची माहिती भरायला बरेच जण एक्झिफटूल वापरतात. उत्तम साधन आहे. ते माहिती लिहिताना सुरक्षिततेसाठी जुनी फाइल बाजूला ठेवतं आणि तिच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर लावून 'ओरिजिनल' जोडतं. तसं करू नकोस असं स्पष्ट सांगितलं नाही तर प्रत्येक टिफची जुळी फाइल तिथेच राहते. पाचशे मास्टरवर एकदा नोंद क्रमांक चढवले की पाचशे नव्या फाइली, तेवढ्याच वजनाच्या. आणि नाव वाचून हीच खरी मास्टर असावी असं वाटतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी तिला हात लावत नाही.

शोध सोपा आहे: फाइलनावात तो शब्द टाकून पूर्ण डिस्क शोधा. नवी फाइल नीट उघडते का, चित्र तेच आहे का, हे काही नमुन्यांवर पाहा. बॅकअप शाबूत असल्याची खात्री करा आणि मग त्या जुळ्या काढा. काढण्याची सोय एक्झिफटूलमध्येच आहे.

इथे माझं मत असं, की मास्टरमध्ये माहिती एकदाच भरावी: संस्थेचं नाव, नोंद क्रमांक, हक्क. वर्णन, कालखंड, कारागीर या बदलत्या गोष्टी डेटाबेसमध्ये राहू द्याव्यात. कारण मास्टरमधलं एक अक्षर बदललं तरी तिचा चेकसम, म्हणजे फाइलीच्या बाइटांवरून काढलेला ठशासारखा आकडा, बदलतो, बॅकअपचं सॉफ्टवेअर तिला नवी फाइल समजतं, आणि वर्णनातला एक काना दुरुस्त केला म्हणून २७३ एमबी पुन्हा नेऊन ठेवतं. जुनी आवृत्तीही तिथेच राहते.

फाइली काढल्या तरी जागा मोकळी होत नाही

ही तक्रार बहुतेक वेळा नॅसवरची, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांसाठी ठेवलेल्या साठवण-यंत्रावरची असते. सामायिक फोल्डरातून काढलेली फाइल नॅसच्या स्वतःच्या कचरापेटीत जाते. ती पेटी आपल्या संगणकावरच्या पेटीपेक्षा वेगळी असते आणि बहुधा प्रशासकाच्या खात्यातून रिकामी करावी लागते. ती रिकामी करूनही आकडा हलला नाही तर स्नॅपशॉट, म्हणजे नॅसने जपलेली त्या-त्या वेळची स्थिती, पाहा. नॅस दर रात्री स्नॅपशॉट घेत असेल आणि ते तीन महिने राखत असेल, तर आज काढलेल्या फाइलीची जागा तीन महिन्यांनी सुटते. घाबरून आणखी फाइली काढत बसू नका. स्नॅपशॉटची मुदत पाहा, आणि मास्टर व उपप्रती यांचे स्नॅपशॉट वेगवेगळ्या मुदतीने चालतील असे दोन व्हॉल्यूम, म्हणजे साठवणीचे स्वतंत्र विभाग, करा. उपप्रतींना स्नॅपशॉटची गरजच नाही.

डिस्कवर जागा आहे, तरी 'डिस्क भरली' असा संदेश येतो

हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याचा मनस्ताप माहीत आहे. दोनशे जीबी मोकळे दिसतात आणि सर्व्हर एक साधी जेपेग लिहायला तयार नाही. कारण बहुधा टाइल, म्हणजे चित्राचे सुटे तुकडे, असतात.

मोठं चित्र संकेतस्थळावर झूम करून दाखवायचं तर त्याचे २५६ पिक्सेलचे चौकोनी तुकडे करून ठेवायची एक जुनी पद्धत आहे. वरच्या ४५ मेगापिक्सेलच्या फोटोचे पूर्ण आकाराला आडवे ३३ आणि उभे २२, म्हणजे ७२६ तुकडे होतात. निम्म्या आकाराला १८७, त्याच्या निम्म्याला ५४, असं करत खाली गेलं की एका फोटोचे जवळजवळ हजार तुकडे. गंजिफाच्या एका संचाच्या अडीच लाखांच्या आसपास फाइली. वीस हजार फोटो असतील तर दोन कोटी.

लिनक्सवरच्या एक्स्ट-४ फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे तिची नोंद ठेवणारा कप्पा, लागतो, आणि आयनोडची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते: नेहमीच्या मांडणीत दर १६ केबीला एक. टाइल सरासरी १६ केबीपेक्षा लहान असतील तर जागा संपण्याआधी आयनोड संपतात. डीएफ आज्ञेला हायफन आणि आय जोडून चालवा. तिथे शंभर टक्के दिसले तर निदान पक्कं. शिवाय लहानात लहान फाइलही एक पूर्ण ब्लॉक, म्हणजे साधारण ४ केबी अडवते. आणि बॅकअपला तर या फाइली जड जातातच: शंभर जीबीचं एक मोठं टिफ-फोल्डर जितक्या वेळात जातं त्याच्या कितीतरी पट वेळ शंभर जीबी टाइलना लागतो, कारण प्रत्येक फाइल उघडायची, तपासायची, बंद करायची.

यावर टिकाऊ उपाय म्हणजे सुटे तुकडे ठेवणंच बंद करणं. त्याऐवजी प्रत्येक फोटोची एक पिरॅमिड टिफ करा. एकाच फाइलीत पूर्ण आकार, निम्मा, पाव, अशा सगळ्या पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरी आतल्या आत चौकोनांत विभागलेली असते. वरच्या पायऱ्यांमुळे पिक्सेल फक्त एक तृतीयांशाने वाढतात. आत जेपेगचं संकोचन वापरलं की वरच्या फोटोची अशी फाइल साधारण वीस-पंचवीस एमबीत बसते. लिबव्हिप्स हे मोफत साधन हे काम फार थोड्या मेमरीत करतं, जुना संगणकही पुरतो. पुढे आयआयपीइमेज किंवा कँटालूपसारखा प्रतिमा-सर्व्हर ठेवला, की तो आयआयआयएफ या प्रतिमा देण्याच्या मानकाप्रमाणे वेब-पत्त्यात मागितलेला भाग, मागितलेल्या आकारात त्या एका फाइलीतून काढून देतो. मध्यम, लहान, थंबनेल, सगळं त्यातूनच. वेगवेगळ्या आकारांची सहा फोल्डरं ठेवायचं कारण उरत नाही.

एक सावधगिरी: प्रतिमा-सर्व्हर काढून दिलेले तुकडे स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. त्या कॅशला मर्यादा घातली नाही तर तेच दोन कोटींचं प्रकरण मागच्या दाराने परत येतं. कँटालूपमध्ये कॅशची मुदत लिहिण्याची जागा वेगळी आणि मुदत संपलेल्या फाइली नियमित झाडणारा वर्कर चालू करण्याची जागा वेगळी. दोन्ही पाहा.

अपलोड करताना अडणारी मोठी चित्रं

'कॅश रिसोर्सेस एक्झॉस्टेड' असा संदेश आला तर तो इमेजमॅजिकचा, म्हणजे सर्व्हरवर चित्रांचे आकार बदलणाऱ्या साधनाचा आहे. मोठं चित्र मेमरीत मावलं नाही की ते साधन तात्पुरती फाइल डिस्कवर लिहितो, आणि प्रक्रिया मध्येच मेली तर 'मॅजिक'ने सुरू होणाऱ्या नावाच्या त्या फाइली टेम्प फोल्डरात पडून राहतात. त्या काढा. मर्यादा पॉलिसी फाइलीत बसवलेल्या असतात, त्या सर्व्हरच्या कुवतीप्रमाणे वाढवा. जन्मपत्रिकेची लांब गुंडाळी तुकड्या-तुकड्यांनी टिपून जोडली असेल आणि टिफ जतनच होत नसेल, तर साध्या टिफची ४ जीबीची मर्यादा आडवी आली आहे. बिगटिफ हा टिफचाच मोठ्या फाइलींसाठीचा प्रकार वापरा.

संग्रह-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअर, मग ते रिसोर्सस्पेस असो वा कलेक्टिव्हअॅक्सेस, अपलोड होताच ठरलेल्या आकारांच्या उपप्रती स्वतः बनवतात. त्यांची यादी सेटिंगमध्ये बदलता येते. पूर्ण आकाराची जेपेग खरोखर कुणी मागतं का ते विचारा. वर्षातून चार प्रकाशक मागत असतील तर मागणीनुसार काढून देता येते. कलेक्टिव्हअॅक्सेसमध्ये डेटाबेसमधली नोंद गेलेल्या पण डिस्कवर राहिलेल्या फाइली शोधून देणारी आज्ञाही आहे. ती आधी फक्त यादी देते, काढायला वेगळं सांगावं लागतं. यादी वाचा, मग सांगा.

मुळावरचा उपाय

वरची सगळी कारणं दूर केली तरी एक गोष्ट न बदलल्यास डिस्क पुन्हा भरते. ती म्हणजे मास्टर आणि उपप्रती एकाच फोल्डरात असणं. एकत्र असल्या की काय काढायचं हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून काहीच काढलं जात नाही आणि सगळ्याचाच बॅकअप होतो. धान्य साठवतात, पीठ लागेल तसं दळून आणतात. इथेही तेवढाच भेद करायचा आहे.

फोल्डर तीन करा. पहिल्यात रॉ आणि तयार मास्टर. इथे लिहिण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला, बाकी सगळ्यांना फक्त वाचण्याचा. फाइल आत गेली की त्याच दिवशी एसएचए-२५६ चेकसम काढून यादीत लिहायचा आणि ठरलेल्या काळाने ताडून पाहायचा. दुसरं फोल्डर चालू कामाचं: लेयरवाल्या फाइली, अर्धवट जोडलेली चित्रं. त्याला मुदत असते. काम संपून मास्टर पहिल्या फोल्डरात गेली की हे रिकामं व्हायलाच हवं. तिसऱ्यात पुन्हा बनवता येईल असं सगळं: पिरॅमिड टिफ, जेपेग, कॅश. याचा बॅकअप घ्यायचा नाही.

८ बिटची टिफ तिसऱ्यातच जाते, कारण १६ बिटवरून ती केव्हाही निघते. दोन-दोन मास्टर ठेवू नका. आणि मास्टर दाबून ठेवायची असेल तर दर्जा न घटवणारं झिप संकोचन निवडा; १६ बिटच्या छायाचित्रावर एलझेडडब्ल्यू हे दुसरं संकोचन लावलं तर फाइल लहान होण्याऐवजी बऱ्याचदा मोठी होते.

'पुन्हा बनवता येईल' हे मात्र कृती लिहिलेली असेल तरच खरं. लांब बाजू किती पिक्सेल, जेपेगचा दर्जा किती, धार (शार्पनिंग) किती दिली, कोणतं साधन, त्याची कोणती आवृत्ती, आणि रंगांचं प्रोफाइल, म्हणजे फाइलीतले आकडे कोणते रंग दाखवतात हे सांगणारी माहिती. या शेवटच्या गोष्टीवर फार जण घसरतात. मास्टर अॅडोबी आरजीबीत असते, उपप्रत काढताना प्रोफाइल गळून जातं, आणि संकेतस्थळावर गंजिफाचा लाखेचा लाल फिकट, मातकट दिसतो. आधी एसआरजीबी या संकेतस्थळांच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये रूपांतर, मग बाकीचं. ही कृती साध्या मजकूर फाइलीत लिहा आणि मास्टरच्या फोल्डरात ठेवा, कारण तिचा बॅकअप व्हायला हवा.

काही उपप्रती तिसऱ्या फोल्डरात टाकू नयेत. हाताने रंग जुळवून प्रदर्शनाच्या पुस्तिकेत छापलेलं चित्र, चित्रकथीच्या फाटक्या पानाचे तुकडे डोळ्यांनी जुळवून केलेली जोडणी, संशोधकाने खुणा केलेली प्रत. यांच्यामागे माणसाचे तास आणि निर्णय आहेत, यंत्राला ते परत करता येत नाहीत. त्यांना पहिल्या फोल्डरात मास्टरचाच मान द्या. तसंच ज्यांची मास्टर सापडत नाही अशा जुन्या जेपेग. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सीडीवर आलेल्या, सहा मेगापिक्सेलच्या का असेनात, त्याच आता मास्टर आहेत, विशेषतः वस्तूची अवस्था त्यानंतर बिघडली असेल तर.

काढायची वेळ आली की

आधी पाच-दहा फोटो निवडा: एक गडद, एक सोनेरी कामाचा, एक जोडलेला, एक जुना. त्यांच्या उपप्रती लिहिलेल्या कृतीने नव्याने बनवा आणि जुन्यांशेजारी पडद्यावर ठेवून पाहा. चेकसम जुळणार नाही, त्याची चिंता नको. साधनाची आवृत्ती बदलली की जेपेगचे बाइट बदलतात, चित्र तेच राहतं. रंग, आकार आणि धार पाहा. संकेतस्थळावरचे जुने पत्ते चालतात का तेही पाहा, कारण लोकांनी त्यांचे दुवे प्रबंधांत आणि विकिपीडियावर दिलेले असतात. मग जुनं फोल्डर लगेच न काढता त्याचं नाव बदला. महिनाभर कुणाचं काही अडलं नाही तर काढा.

आता तोच गंजिफाचा संच नव्या मांडणीत. पान गोल, चौकट आडवी, म्हणून मास्टर ५५०४ बाय ५५०४ अशी चौरस कापली की एक तृतीयांश वजन तिथेच उतरतं आणि पानाचा एक कणही जात नाही. रंग ताडायची पट्टी प्रत्येक फोटोत नको, दिवे लावल्यावर पहिल्या चौकटीत घ्या आणि ती चौकट जपा. मास्टर १८२ एमबी, रॉ ५०, म्हणजे २४० फोटोंचे ५६ जीबी. त्याच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, १६८ जीबी. पिरॅमिड टिफ एकच प्रत, ४ जीबीच्या आसपास. आधी ७३५, आता १७२.

नवी डिस्क घ्यायची की नाही हे यानंतर ठरवा. आता वाढते ती फक्त पहिल्या फोल्डरातली संख्या, आणि ती आधीच सांगता येते. वर्षाला पाच हजार फोटो काढणार असाल तर सुमारे १.२ टीबी, तीन ठिकाणी. अंदाजपत्रकात हा आकडा लिहा, आणि डिस्क तीन-चतुर्थांश भरली की निरोप येईल अशी सूचना लावून ठेवा, म्हणजे खरेदीच्या मंजुरीला लागणारे महिने हाताशी राहतात.